बाळंतिणीच्या गालांची लाली

खाडीकाठच्या एका गावी एक वृद्ध वैद्य आणि त्यांचा शिष्य रोग्यांची सेवा करीत असत. एके सकाळी शिष्य एकटाच द्वारका नावाच्या बाळंतिणीला पाहायला गेला. वारा बाधू नये म्हणून रीतीप्रमाणे दारे-खिडक्या बंद होत्या आणि खाटेखाली कोळशाची शेगडी धुमसत होती. बाळाला तेवढे न्हाऊ घालायला बाहेर नेले होते.

“सून हाकेला ओ देत नाही हो,” सासू म्हणाली. “पहाटेपासून डोकं दुखतंय म्हणत होती.”

बाळंतपणात रक्त फार गेले की काय, म्हणून शिष्याने पापणी ओढून पाहिली. आत लालबुंद. गालही तसेच.

“काकू, हिच्यापेक्षा तुम्हीच फिकट दिसताय!” तो हसला. “रक्त उत्तम आहे. झोपू द्या तिला.”

जाताना त्याने दार नीट ओढून घेतले.

दुपारी द्वारका गेली. चेहरा तेव्हाही लालच होता.

शिष्याने बंद खोली, शेगडी, लाल गाल असे सारे सांगितले आणि तो गुरूंपुढे कोसळला. “गुरुजी, रक्त तर होतं! मग माझं चुकलं कुठे?”

दारात आलेल्या कोळणीच्या टोपलीतून गुरूंनी एक जिवंत खेकडा उचलला आणि त्याच्या पायाचे टोक मोडले. शिष्य शहारला. जखमेतून पाण्यासारखा थेंब आला आणि हवेत हळूहळू निळसर झाला.

“लाल काही दिसतं का? तरी हा जिवंत आहे,” गुरू म्हणाले. “याच्या रक्तातलं निळं द्रव्य श्वास वाहून नेतं, आपल्या रक्तातलं लाल. रंग हा नुसता हमाल रे. शेगडीच्या विषारी वायूने त्या हमालाच्या डोक्यावर आपलंच ओझं चढवलं. श्वासाला जागाच उरली नाही. त्या ओझ्याने लाली मात्र वाढली.”

“आणि मी दार उघडलं असतं तर?”

“बहुधा वाचली असती.”

“गुरुजी, थोडा धीर तरी द्या.”

“कुठून देऊ? पापणी पाहायला मीच तुला शिकवलं. खोलीतली हवा पाहायला शिकवायचं राहिलं.”

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका घरी शिष्याने बाळंतिणीची शेगडी अंगणात नेली आणि खिडक्या उघडल्या. घरची माणसे ओरडली, तरी तो खिडकीपासून हलला नाही. ती बाई सुखरूप उठली. निघताना घरच्यांनी त्याच्या हाती नारळ दिला.

परतीच्या वाटेवर द्वारकेचे घर होते. ओसरीवर सासू नातवाला वाटी-चमच्याने दूध पाजत होती. नारळ तिथे ठेवावा म्हणून तो पायरीपर्यंत गेला आणि थबकला. एक जीव वाचवून दुसऱ्याची भरपाई होत नाही, हे त्याला तेथे उभ्या उभ्या समजले.