अर्धा सामना पाहिलेले न्यायाधीश

ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात ऑर्विल हॅच अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक होते. १९०७ साली त्यांचा संघ एका बलाढ्य विद्यापीठाकडून सपाटून हरला. विश्वस्तांचे अध्यक्ष, न्यायाधीश प्रुइट, यांनी त्यांना काढून टाकायचंच ठरवलं आणि भर बैठकीत बोलावून घेतलं.

“मध्यंतरापर्यंतच समोरच्यांना चाळीस गुण दिलेत! मी तर शरमेनं उठून घरी गेलो,” न्यायाधीश गरजले. “पोरांना तुम्ही शिकवलंत तरी काय?”

हॅच शांतपणे उत्तरले.

“फार काही नाही, साहेब. शरम वाटली तरी मध्येच उठून घरी जायचं नाही, एवढंच. अकराही जण शेवटपर्यंत खेळले.”

विश्वस्त खो खो हसले. हॅच यांची नोकरी वाचलीच, वर बास्केटबॉलचा संघही त्यांच्याच गळ्यात पडला.