सातवीच्या वर्गातल्या भरलेल्या बाटल्या

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे यादी घेऊन आला. शिष्य आता आमदार होता आणि गुरू म्हणजे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, तरीही रोज साडेदहाला शाळेत जाऊन बसणारे एक वृद्ध शिक्षक. यादी शाळा सुधारण्याची होती. अशा याद्या मी आयुष्यात इतक्या पाहिल्या आहेत की आता नुसती फाईल दिसली तरी माझ्या कपाळाला आठी पडते. असो. ही यादी सदतीस कलमांची होती आणि तिला रंगीत मुखपृष्ठही होते.

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "या अधिवेशनात स्वतःचं विधेयक मांडायची एकच संधी मिळाली आहे. शाळांसाठीच मांडायचं ठरवलंय. पण सदतीस गोष्टी एका कायद्यात बसत नाहीत. आधी कोणती घेऊ, तेवढं तुम्ही सांगा. उद्या मसुदा द्यायचाय."

गुरुजींनी फाईल उघडलीच नाही. ती त्यांनी खिडकीत ठेवली, त्यावर खडूचा डबा ठेवला आणि शाळेजवळच्या आपल्या घरून ताकाचे दोन मोठे तांबे मागवले.

"हे पी. दोन्ही. मग सातवीच्या वर्गात मुलींच्या रांगेत बस. शेवटची घंटा होईपर्यंत शाळेबाहेर जायचं नाही. फोन माझ्याकडे दे आणि गाडी परत पाठव. संध्याकाळी क्रम सांगतो."

शिष्याला हे चमत्कारिक वाटले. पण याच माणसाने त्याला हाताला धरून अक्षर गिरवायला शिकवले होते, त्यामुळे नाही म्हणता आले नाही. मार्च महिना होता आणि ऊन कडक होते, म्हणून ताकही गोड लागले. वर्गाकडे जाताना फाटकाजवळचे पेरूचे झाड पाहून तो थबकला. सारे आवार वाळून पिवळे पडले होते आणि ते एकटे झाड हिरवेगार होते. "झाड मात्र छान जोपासलंय," तो म्हणाला.

शेजारी मोहिनी नावाची मुलगी बसली होती. या गोष्टीत नाव फक्त तिचेच आहे, कारण बाकीच्यांची नावे पेपरात येतच असतात. ती हुशार होती. अपूर्णांकाचे गणित आमदारांच्या आधी सोडवून तिने वही हळूच त्यांच्याकडे सरकवली.

मधल्या सुट्टीत ताकाने आपले काम केले. शिष्य गुरुजींकडे आला आणि जरा संकोचून त्याने विचारले. गुरुजींनी त्याला शाळेच्या मागे नेले. तिथे पक्के, फरशी लावलेले स्वच्छतागृह होते. भिंतीत संगमरवरी शिळा होती, शिळेवर उद्‌घाटक म्हणून शिष्याचे स्वतःचे नाव होते आणि त्याखालच्या दाराला कुलूप होते.

मुख्याध्यापक धावत आले. "साहेब, मोटर जळून दीड वर्ष झालं. बांधकामाला निधी आला होता, पण दुरुस्तीला निधीच नाही. झाडायला माणूसही मंजूर नाही. पाण्यावाचून उघडं ठेवलं तर दोन दिवसांत नरक होतो."

"मग हे उघडता कधी?"

"तपासणी असली की टँकर मागवतो आणि उघडतो."

मुलगे कुंपणापलीकडे जात होते. शिष्याचे पाऊल आपसूक तिकडे वळले. गुरुजींनी त्याचा दंड धरला.

"तू आज मुलींच्या रांगेत बसलायस."

शिष्य परत येऊन बसला. त्यानंतरच्या तासांना काय शिकवले, ते त्याला सांगता आले नसते. पायावर पाय टाकून तो घड्याळाकडे पाहत राहिला. इतिहासाच्या बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा त्याला प्रश्नही ऐकू आला नाही. मग त्याचे लक्ष भिंतीवरच्या खुंट्यांकडे गेले. मुलग्यांच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या होऊन लोंबत होत्या. मुलींच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या.

पाच वाजता घंटा झाली. शिष्य दाराकडे निघाला आणि थांबला. मुली फाटकाजवळ रांगेने उभ्या होत्या. एकेक जण पेरूच्या आळ्यात बाटली ओतत होती आणि रिकामी बाटली दप्तरात टाकून घरी निघत होती.

"हे काय करतेस?" त्याने मोहिनीला विचारले.

"भरलेली बाटली घरी नेली की आई रागावते," ती म्हणाली. "पाणी का पीत नाहीस, आजारी पडशील, म्हणते."

"मग पीत का नाहीस?"

मोहिनीने त्याच्याकडे असे पाहिले की पुढचा प्रश्न त्याला विचारवला नाही. ती गेली.

गुरुजी म्हणाले, "महिन्यातले चार दिवस ती शाळेत येतच नाही. जूनमध्ये घरचे तिचं नाव काढून घेणार आहेत. दोन्ही बहिणींचं असंच झालं, आणि दोघी हिच्याइतक्याच हुशार होत्या. मी वैतागलोय बाबा. तुम्ही लोक शाळेला जे देता ते फीत कापण्यापुरतं देता. दुसऱ्या दिवसापासून ते कोणी चालवायचं, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नसतं. तुझ्या यादीत स्वच्छतागृहाची देखभाल आहे का रे?"

"आहे," शिष्य खाली पाहत म्हणाला. "एकतिसावी."

"आणि पहिलं कलम?"

"प्रत्येक वर्गात डिजिटल फळा."

"फळा थांबू शकतो. क्रम लावताना काय मोठं दिसतं ते बघू नकोस. कोण थांबू शकत नाही ते बघ. तुला एक दिवस थांबवेना, ही पोर दीड वर्ष थांबली आहे. आता माझ्या घरी जाऊन ये, मागच्या अंगणात सोय आहे. तिला अजून दोन किलोमीटर चालायचंय."

शिष्य अक्षरशः पळाला. परत आला तेव्हा त्याने खिडकीतली फाईल घेतली, मुखपृष्ठ फाडले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर एकच कलम लिहिले: शाळेत जे बांधले आहे ते चालू ठेवण्याचा खर्च आणि माणूस दरवर्षी आधी मंजूर व्हावा, आणि तोवर नव्या कामाची कोनशिला बसू नये. लिहून झाल्यावर त्याने पेरूच्या झाडाकडे पाहिले.

"गुरुजी, पुढच्या मार्चात येईन तेव्हा हे झाड सुकलेलं दिसलं पाहिजे."

"झाडाला मी घालीन माझ्या घरचं पाणी," गुरुजी म्हणाले. "आधी पोरींना पिऊ दे."