उंटाची पूड

जनावरं एकमेकांना औषधं सांगत, त्या काळातली ही गोष्ट. लाख्या नावाच्या म्हाताऱ्या घोड्याचे गुडघे करकरत असत. एकदा एक उंट थैल्या घेऊन दारात आला.

"आजोबा, ही पूड खा, आठवड्यात धावाल! बदल्यात फक्त तुमचे थंडीचे हरभरे द्या."

"देतो की," लाख्या खुशीत म्हणाला. "आधी बसा, पाणी घ्या."

"नको, उभाच बरा."

"अहो, पाहुण्याला उभं ठेवत नाही आम्ही. बसा!"

उंट ओशाळला. "बसेन हो, पण मग उठवणार कोण?"

लाख्या खिंकाळून हसला. "मग हरभरे राहू देत. मी रोज तळ्यापर्यंत सावकाश चालतो, तेवढंच बरं वाटतं. येता?"

थैल्या दारातच राहिल्या. तळ्याच्या वाटेवर आता आठ गुडघे करकरत होते.