दिवाणसाहेबांची रांग

शिरंबे बंदराच्या दिवाणसाहेबांना आपल्या गोरेपणाचा भारी तोरा. त्यांनी फर्मान काढलं, "दरबारच्या गायनशाळेत फक्त गोऱ्या मुली शिकतील." गोड गळ्याची सावळी तुळसा रडत घरी आली.

तिची आई हौसाक्का रंगारीण. ती लेकीला घेऊन तडक दरबारात गेली. राजांशेजारी एका परदेशी गलबताचा कप्तान पाहुणा म्हणून बसला होता.

"गोरं कोण, ते ठरवतं कोण?" हौसाक्काने विचारलं.

"मी!" दिवाणसाहेबांनी बाही सारून हात दाखवला. "दिसत नाही?"

"दिसतंय की! पण आम्ही रंगारी शेजारी दुसरं कापड धरल्याशिवाय रंग सांगत नाही. कप्तानसाहेब, तुमच्या देशात यांना कोणत्या रांगेत धरतील?"

"आमच्याकडे दोनच रांगा, गोरे आणि काळे," कप्तान म्हणाला. "हे काळे."

"आणि माझी तुळसा?"

"तीही काळीच."

दिवाणसाहेबांचा चेहरा पडला. हौसाक्काने हात जोडले.

"साहेब, पोरीला गाणं शिकू द्या. उद्या तिकडे गेलात, तर तुम्हाला दोघांना एकाच दाराबाहेर ताटकळावं लागेल. तिला गाता आलं नाही, तर तुमचा वेळ कसा जायचा?"

राजांनी हसत हसत फर्मान फाडलं.