मित्रासाठी केलेला फोन

“पण मनच ऐकत नसेल तर, भंते?”

भंते सुगतरत्न जेवण आटोपून विहारामागच्या नळावर आपलं भिक्षापात्र धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचं मन?”

“कुणाचंही... समजा, एखाद्याचं.”

पात्रातलं पाणी त्यांनी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. पात्र उन्हात पालथं घातलं आणि पायरीवर येऊन बसले. प्रशिक रामटेके खालच्या पायरीवर हात जोडून बसला.

पवनीच्या अलीकडे, टेकडीवरच्या त्या विहारात प्रशिक काही वर्षं येत होता. पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, वाचन चांगलं, जिभेला धार. व्यसनमुक्तीचा कार्यक्रम असला की आजूबाजूच्या गावांतून त्यालाच बोलावणं यायचं. तंबाखूवर तो असा काही बोलायचा की मागच्या रांगेतली कुजबुज थांबायची. शेवटी सिगारेटच्या पाकिटावर छापलेला मदतीचा मोफत फोन नंबर तो सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घ्यायचा. म्हातारी माणसं म्हणायची, पोरगं असावं तर असं.

भाषण संपलं की तो गावाबाहेरच्या वीटभट्टीच्या आडोशाला मोटरसायकल लावायचा आणि सिगारेट पेटवायचा.

ही गोष्ट कुणालाच ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता. बडीशेप चघळायचा, घरी शिरण्याआधी तोंड धुवायचा, आईशी बोलताना चार हात लांब उभा राहायचा.

सोडायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. अनेकदा सोडली होती, आणि दर वेळी वाटलं होतं की आता जिंकलो. मग परीक्षा यायची, किंवा घरात वाद व्हायचा, किंवा काहीच व्हायचं नाही, संध्याकाळ नुसती लांबत जायची, आणि हात खिशाकडे वळायचा. हल्ली टेकडी चढताना त्याला धाप लागे. बुटाची नाडी सुटल्याचं निमित्त करून तो मध्येच वाकून उभा राही.

तेही त्याने निभावलं असतं. पण मागच्या रविवारी नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात भाषण झालं आणि सगळ्या पांगल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं, “दादा, त्या नंबरवर फोन केला तर रागावतात का?”

नंबर त्याला झोपेतही म्हणता आला असता, पण लावून कधी पाहिला नव्हता. घाबरायचं काय त्यात, असं काहीतरी तो बोलला. ती मान हलवून निघून गेली. तिला फोन कुणासाठी करायचा होता हे विचारायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

आठवडाभर तो प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला होता.

त्या मुलीचं सगळं त्याने भंतेंना सांगितलं. वीटभट्टी आणि स्वतःची सिगारेट तेवढी गाळली. मग म्हणाला की असा एखादा असेल, वारंवार सोडून वारंवार हरणारा, तर त्याला कडक प्रतिज्ञा द्यावी, भर सभेत, बुद्धमूर्तीपुढे उभं करून. मोडायची हिंमत होणार नाही अशी.

भंते ऐकत राहिले. पलीकडे वैनगंगेच्या पात्रातली वाळू उन्हात चमकत होती.

“त्याची सिगारेट सोडतो कोण?”

“तोच.”

“आणि पेटवतो कोण?”

“...तोच.”

“मग या दोघांच्या कुस्तीत पंच कोण?”

प्रशिक पायरीवरचं वाळलेलं पान चुरगाळू लागला.

“त्या मुलीने तुला काय विचारलं होतं?” भंते म्हणाले.

“रागावतात का, म्हणून.”

“मग, रागावतात का?”

“ठाऊक नाही, भंते.”

“फोन लाव.”

प्रशिक हसला, पण हसू ओठांवरच अडलं. तो बराच वेळ बोलत राहिला. ज्यांना कुणाचा आधार नाही, ज्यांना काही कळत नाही, त्यांच्यासाठी तो नंबर आहे. मन आवरायला शिकलेल्या माणसाने तारेपलीकडच्या परक्या माणसापुढे रडगाणं गायचं का? ना ओळख, ना देख. तो काय सांगणार? शेवटी त्याने ठेवणीतला बाण काढला.

“स्वतःच स्वतःचा आधार व्हा, असंच आपल्याला शिकवलंय ना?”

“हो.”

भंतेंनी विहारातल्या मूर्तीकडे पाहिलं.

“तरी रोज सकाळी आपण तीनदा शरण जातो.”

भंते उठले, एक पायरी उतरले आणि त्याच्या शेजारी, त्याच्याच पायरीवर बसले. गुरूने असं बरोबरीने बसावं याचा त्याला संकोच वाटला. तो खाली सरकू लागला, तेव्हा भंतेंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्याने फोन काढला. नंबर लावताना बोट दोनदा चुकलं.

पलीकडून एका बाईंचा आवाज आला. शांत, घाई नसलेला. नमस्कार, बोला.

“माझा एक मित्र आहे,” प्रशिक म्हणाला. “त्याला सिगारेट सोडायची आहे.”

बाईंनी विचारलं, मित्र किती वर्षांपासून ओढतो? दिवसातली पहिली केव्हा? त्याने सांगितलं. कुठे ओढतो? वीटभट्टीजवळ. एकटाच? एकटाच. सोडल्यावर काय होतं? चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं धरतं. उत्तरं भराभर येत होती. त्याने शेजारी पाहिलं. भंते नदीकडे बघत होते.

“तुमचा मित्र बरंच सांगतो तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “तो आत्ता बोलेल का माझ्याशी?”

...

जास्वंदीत एक पाखरू बसलं आणि उडालं. बाई थांबून राहिल्या होत्या.

“ताई,” प्रशिक म्हणाला, “मीच तो.”

“बरं झालं बोललात,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यासारख्याच शांतपणे पुढे विचारू लागल्या.

पुष्कळ वेळ बोलणं चाललं. सोडण्याचा दिवस त्यालाच ठरवायला लावला. तलफ आली की लगेच तिच्या आहारी जाऊ नका, जरा थांबा, घोट घोट पाणी प्या, जागा बदला, ती लाटेसारखी चढते तशी ओसरते, असं सांगितलं. वीटभट्टीचा रस्ता काही दिवस टाळा म्हणाल्या. घरात कुणाला तरी सांगून ठेवा. आणि पुन्हा हात गेलाच तर लपून बसू नका, त्याच दिवशी फोन करा. मीही मधूनमधून करीन.

फोन ठेवला तेव्हा प्रशिकचे डोळे भरून आले होते. भंतेंनी ते पाहिलं नाही, किंवा पाहिल्याचं दाखवलं नाही.

“त्या मुलीला आता काय सांगशील?”

“रागावत नाहीत, म्हणून.”

भंते मान हलवून उठले आणि पात्र उचलून त्याच्या कडा चीवराच्या पदराने पुसू लागले. प्रशिक तसाच बसून होता. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, आणि त्या जागी एक सल आली होती. जिचं तोंड पाहिलं नाही, जिचं नावही विचारलं नाही, तिच्यापुढे जे घडाघडा बोलून गेलो, ते इथे इतकी वर्षं ओठांवर का आलं नाही?

“भंते,” तो खाली बघत म्हणाला, “तुम्हाला कधीच कसं सांगू शकलो नाही मी?”

भंतेंनी पुसलेलं पात्र झोळीत ठेवलं.

“माझ्याकडे आजवर एक चांगला मुलगा येत होता,” ते म्हणाले. “त्या ताईकडे तू गेलास.”