महाराजांचं एकच ताट

"उद्या सकाळी दरबारात अंगणाएवढं ताट हजर कर! नाहीतर तुझं दुकान जप्त!"

सातदरीच्या राजा भूरिसेनाचं हे फर्मान ऐकून गोविंद तांबटाने कपाळावर हात मारला. एवढं तांबं आणायचं कुठून? घराघरातली भांडी वितळवली तरी पुरायचं नाही!

भानगड अशी, की सातदरीच्या राज्यघटनेत एक कलम होतं: राजाने दिवसाला एकच ताट जेवावे. आणि हे महाराज पडले खादाड! त्यांनी आधी परातीएवढं ताट करून घेतलं, मग गाडीच्या चाकाएवढं. गावात दूधतूप दिसेनासं झालं. पंडित भीतभीत म्हणाले, "महाराज, घटनेचा अर्थ असा नसावा..."

"नियम पाळायचा कुणी? मी! मग अर्थही मीच लावणार!" राजा गरजला. पंडितांनी माना डोलावल्या.

हे सगळं बापाच्या तोंडून ऐकलं आणि तांबटाची मुलगी गोजरा खुदकन हसली.

"हसतेस काय, कार्टे? उद्या रस्त्यावर येऊ आपण!"

"बाबा, तुम्ही निवांत झोपा. ताट मी नेते."

सकाळी ती दरबारात गेली. तिने पदराआडून तळहाताएवढी ताटली काढून राजापुढे ठेवली.

"हे अंगणाएवढं?"

"होय महाराज! आमच्या कोंबडीच्या अंगणाएवढं. हुकूम पाळायचा आम्ही, म्हणून अर्थ आम्हीच लावला!"

"धरा हिला!"

शिपायाने अलगद तिचं बोट धरलं. "धरलं, महाराज."

"दिवाणजी, हिला बाहेर काढा!"

"कशातून, महाराज? संकटातून?"

ओरडून ओरडून राजाच्या घशाला कोरड पडली. "पाणी आण रे!" नोकराने तांब्या आणला आणि तो हातात धरून खांबासारखा उभा राहिला. "आण म्हणालात. द्यायचं पण आहे का?"

"अरे गाढवांनो!" राजा थयथयाट करू लागला. "पाळणाराच अर्थ लावायला लागला तर राज्य चालेल कसं?"

"तेच तर घटना तुम्हाला विचारतेय, महाराज!" गोजरा हात जोडून म्हणाली.

राजाने मुकुट सावरला. "बरं! मग जो सांगतो, त्याने अर्थ लावावा."

"घटना सांगितली तुमच्या खापरपणजोबांनी. बोलवा त्यांना!"

"ते तर स्वर्गात!"

"मग तिसरा माणूस हवा. ज्याने नियम सांगितला नाही, ज्याला तो पाळायचा नाही, आणि ज्याच्या पानात त्या ताटातलं शीतही पडत नाही!"

आपण आपल्याच शब्दांत अडकलो, हे राजाला उमगलं. मग तो असा खो खो हसला, की मुकुट नाकावर आला! त्याने तिथल्या तिथे पाच पंच नेमले. पंचांनी निकाल दिला: भरल्यावर जेवणाऱ्याला एकट्याने उचलता येईल, तेच ताट!

"माग, पोरी, काय हवं ते!"

"आमच्या अख्ख्या तांबट आळीला आज जिलबीचं जेवण!"

राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं, कमरेला उपरणं बांधलं आणि स्वतः वाढायला उभा राहिला.