मावशींच्या ओट्यावरचा धोटा

एकदा एक विणकर दळणाचा डबा घेऊन गिरणीत उभा होता. पुढे दोन बायकांची कुजबुज चालली होती. "म्हातारबाबा म्हणे शिष्याचा धोटा काढून घेणार, आणि त्याला बसवणार..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली. कुठे बसवणार, ते तिच्या घरघरीत बुडून गेले. विणकराला हातातला डबा एकदम जड वाटला, कारण तो शिष्य हाच, आणि धोट्याशिवाय मागावर आडवा धागा फिरत नाही. राहिलेला शब्द त्याने मनातच भरला: घरी.

भीती वाटावी असे कारणही होते. तीन वर्षे तो त्या वृद्ध गुरूंकडे पैठणी विणायला शिकत होता. हात गुणी, पण दुपार झाली की कपाळ ठणकायचे. सुंठीचा लेप लावून, डोक्याला फडके बांधून तो पुन्हा बसे, आणि चुकलेली चार बोटे वीण उसवावी लागे. अकरा दिवसांवर गावातल्या एका लग्नाची हळद होती, आणि नवरीची पैठणी अजून मागावरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गुरूंनी खरेच त्याच्या हातातला धोटा काढून घेतला. बाहेर गेले, रिकाम्या हाताने परतले.

"गुरुजी, काही चुकलं का?"

"धोटा कोपऱ्यावरच्या मावशींकडे आहे. जा, घेऊन ये."

त्या मावशींच्या दारावरून गल्लीतले लोक मान खाली घालून जात. एकदा त्यांनी हाक मारली की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

"आलास? बस इथं ओट्यावर. आधी पाणी पी."

"मावशी, घाई आहे. धोटा द्या."

"धोट्याला काय पाय फुटलेत? तोंड बघ, सुकलेल्या वांग्यासारखं झालंय. भाकरी खा, ताक घे. आणि बायकोचं बाळंतपण कुठं करणार, माहेरी की इथं? अरे, इकडे काय बघतोस, तिकडे बघ. त्या टेकडीवर शेळ्या कोणाच्या आहेत रे?"

शेळ्या ओळखण्यात, खाण्यात आणि उत्तरे देण्यात वेळ गेला. तो परत येऊन विणायला लागतो न लागतो, तोच दुपारी धोटा पुन्हा गायब. आणायला गेला, तर गप्पांत दिवेलागण झाली आणि मावशींनी धोटा पदराखाली धरला. "आता सकाळी ये. जेव आणि नीज."

असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी त्याचा धीर सुटला. "गुरुजी, काढायचंच असेल तर तोंडावर सांगा. असं दारोदार हिंडवू नका."

गुरू हसले. "आज कपाळाला लेप नाही लावलास?"

त्याने कपाळ चाचपले. लेपाची आठवणच त्याला दोन दिवस झाली नव्हती.

गुरू म्हणाले, "रेशमावर थेंब पडेल म्हणून तू पाणी पीत नव्हतास. बोटं तेलकट होतील म्हणून दुपारचं जेवण टाळत होतास. मोराचा डोळा विणता विणता स्वतःचे डोळे शिणवलेस. मी सांगितलं की 'हो गुरुजी' म्हणायचास आणि पुन्हा मान खाली. म्हणून धोट्यालाच बाहेर धाडलं, म्हणजे तू मागोमाग जाशील. मला सांग, संध्याकाळी ताणा सैल का करतोस?"

"ताणलेला ठेवला तर धागे तुटतात."

"मग डोकं रेशमाहून चिवट आहे, असं कोणी सांगितलं तुला?"

शिष्य उठला. पाणी पिऊन आला, हात कोरडे केले आणि मागावर बसला. उसवण्याची वेळ त्या आठवड्यात आली नाही. पैठणी हळदीच्या आदल्या दिवशी उतरली. त्याचे डोके पुन्हा कधी दुखलेच नाही, असे नाही. त्याच लग्नात रात्रभर जागला, तेव्हा दुखले. पण का दुखले, हे आता त्याला ठाऊक होते.

पुढे एकदा त्याने मावशींना गिरणीतल्या बोलण्याबद्दल विचारले.

"त्या दोघींना मीच सांगितलेलं," मावशी म्हणाल्या. "धोटा काढून घेणार हे खरं की नाही? आणि बसवणार ते माझ्या ओट्यावर. तेवढ्यात गिरणी सुरू झाली, त्याला मी काय करू? ताक घेतोस?"

काम कितीही नाजूक आणि घाईचे असो, दिवसातून दोनदा आपला धोटा कुणाच्या तरी ओट्यावर ठेवून यावा.